हार्मोनच्या गोळ्या आणि स्मृतिभ्रंश : प्रश्न कोणत्या बायकांना विचारला?

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण बहुतेक वेळा घरातल्या आजोबांना उद्देशून आणि चेष्टेत वापरतो. आकडे मात्र आजीकडे बोट दाखवतात. भारतातल्या ज्येष्ठांच्या मोठ्या पाहणीवर आधारलेला एक अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांमध्ये हे प्रमाण ५.८ टक्के आहे आणि बायकांमध्ये ९ टक्के.

असं का? एक कारण म्हणजे बायका जास्त जगतात, आणि हा आजार वयाबरोबर वाढतो. दुसरं, आज सत्तरीत असलेल्या बायकांना शाळा फारशी मिळाली नाही. शिक्षण कमी असेल तर धोका वाढतो, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे. तिसरा संशयित गेली सत्तर वर्षं चौकशीत अडकून पडलाय. पाळी जाताना शरीरातलं इस्ट्रोजेन झपाट्याने कमी होतं. त्याचा मेंदूवर परिणाम होतो का? आणि तेच इस्ट्रोजेन गोळीतून परत दिलं, तर मेंदू वाचतो की उलट बिघडतो?

या प्रश्नाचं उत्तर आतापर्यंत तीनदा तरी बदललं आहे. आधी 'वाचतो', मग 'बिघडतो', आणि आता 'बहुधा फारसा फरक पडत नाही'. लोक म्हणतात, हे शास्त्रज्ञ रोज काहीतरी वेगळंच सांगतात! या लेखात मला दाखवायचंय की उत्तरं बदलली, कारण दर वेळी प्रश्न वेगळ्या बायकांना विचारला गेला. आणि ज्या बायकांना तो कधीच नीट विचारला गेला नाही, त्या आपल्या माधवनगरच्या रस्त्यावरून दर हंगामात जातात.

घोडीपासून गोळीपर्यंत

ज्या रुग्णामुळे अल्झायमर हे नाव आपल्याला कळलं, ती एक बाई होती. ऑगस्टे डेटर. १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात तिला दाखल केलं तेव्हा ती फक्त ५१ वर्षांची होती. १९०६ मध्ये ती वारली आणि त्याच वर्षी डॉ. अलोइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूत काय सापडलं ते सहकाऱ्यांपुढे मांडलं. एवढ्या लवकर होणारा हा आजार दुर्मिळ असतो. त्यामुळे तिचं वय पाळी जाण्याच्या वयाशी जुळतं यावरून काही सिद्ध होत नाही. पण बाईचं मधलं वय आणि बिघडलेलं डोकं यांची सांगड घालायची सवय वैद्यकाला तेव्हाही होती. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय डॉक्टरांच्या पुस्तकांत पाळी जाणं म्हणजे चिडचीड, विस्मरण आणि वेडाचा उंबरठा, असं सरसकट लिहिलेलं सापडतं.

तोपर्यंत हातात औषध नव्हतं. १९२९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अडॉल्फ बुटेनांट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गरोदर बायकांच्या लघवीतून इस्ट्रोजेनचा एक प्रकार वेगळा केला. पण माणसांची लघवी किती गोळा करणार? उपाय सापडला गाभण घोडीत. तिच्या लघवीत इस्ट्रोजेन भरपूर असतं. कॅनडातल्या माँट्रियलच्या एका कंपनीने १९४१ मध्ये त्यापासून गोळी बाजारात आणली. तिचं नाव प्रीमरिन. 'प्रेग्नंट मेअर्स युरिन' या तीन शब्दांचे तुकडे जोडून ते नाव तयार झालं. पुढची साठ वर्षं पाश्चात्त्य देशांत हार्मोन म्हटलं की मुख्यतः हीच गोळी.

सुरुवातीला ती अंगातून वाफा येणं, रात्री घामाने भिजणं, झोप मोडणं यांसाठी होती. त्या कामात ती आजही उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. घोळ झाला तो १९६६ मध्ये. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन या स्त्रीरोगतज्ज्ञाचं 'फेमिनाइन फॉरएव्हर' हे पुस्तक आलं. त्यात पाळी जाणं हा एक कमतरतेचा आजारच ठरवला होता. जन्मभर गोळी घ्या आणि जन्मभर तरुण राहा, असा सगळा सूर. पुस्तक धडाक्यात खपलं. त्यामागे औषध कंपनीचा पैसा होता, हे पुढे विल्सनच्या मुलानेच सांगितलं.

पहिला दणका डिसेंबर १९७५ मध्ये बसला. एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग एकात साडेचार पट, तर दुसऱ्यात साडेसात पट जास्त दिसला. मग डॉक्टरांनी इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टिन हे दुसरं हार्मोन द्यायला सुरुवात केली. त्याने गर्भाशयाचं अस्तर सुरक्षित राहतं. ज्यांचं गर्भाशय आधीच काढलेलं आहे, त्यांना या दुसऱ्या हार्मोनची गरज नसते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मेंदूची आशा

१९५२ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात, वृद्धाश्रमातल्या बायकांना हार्मोन देऊन त्यांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या गेल्या. मेंदू आणि हार्मोन या विषयातल्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक. १९८६ मध्ये न्यूयॉर्कला अल्झायमर झालेल्या सात बायकांना इस्ट्रोजेन दिलं आणि तिघींत सुधारणा दिसली. सातांतल्या तिघी! आज असा अभ्यास कुणी आणला तर आमचे मार्गदर्शक हसतील. पण तेव्हा हातात दुसरं काहीच नव्हतं, म्हणून त्याची चर्चा झाली.

माझ्या मते खरा महत्त्वाचा प्रयोग १९८८ चा, माँट्रियलच्या बार्बरा शेरविन यांचा. त्यांनी अशा बायका निवडल्या, ज्यांचं गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय शस्त्रक्रियेने काढायचं ठरलं होतं. नैसर्गिक पाळी जाताना इस्ट्रोजेन काही वर्षांत हळूहळू उतरतं. अंडाशय काढले की ते दिवसांत कोसळतं. म्हणजे आधी आणि नंतर असा फरक स्वच्छ मोजता येतो. शेरविन यांना दिसलं की शस्त्रक्रियेनंतर ज्यांना हार्मोन मिळालं त्यांची कामगिरी टिकली, आणि ज्यांना औषध नसलेली गोळी मिळाली त्यांची काही चाचण्यांत घसरली. पुढे १९९२ मध्ये त्यांच्याच गटाने शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचणीत असंच चित्र दाखवलं.

त्याच सुमारास, १९९० मध्ये, कॅथरीन वूली आणि ब्रूस मॅक्युएन यांच्या गटाने उंदरांच्या मादीच्या मेंदूत डोकावून पाहिलं. आठवणींशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात चेतापेशींच्या फांद्यांवर बारीक काटे असतात. एक पेशी दुसरीशी बोलते ती या काट्यांवरून. मादीच्या चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रात इस्ट्रोजेन वाढलं की काटे वाढत होते आणि उतरलं की कमी होत होते. इस्ट्रोजेनचा मेंदूशी संबंध आहे, हे आता नाकारता येत नव्हतं.

मग मोठे अभ्यास आले. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातल्या १,१२४ वृद्ध बायकांची पाहणी प्रसिद्ध झाली. इस्ट्रोजेन घेतलेल्यांमध्ये अल्झायमरचा धोका निम्म्याहूनही कमी होता. झालं! प्रश्न सुटला असंच बऱ्याच जणांना वाटलं.

आमराईतला फेरफटका

इथे थोडं थांबू. समजा मी सांगलीच्या आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या बायका मोजल्या आणि जाहीर केलं की यांच्यात गुडघेदुखी कमी आहे, म्हणजे आमराईत फिरल्याने गुडघे बरे होतात. तुम्ही लगेच म्हणाल, 'अहो, ज्यांचे गुडघे दुखतात त्या येतीलच कशाला?'

अगदी तसंच. त्या काळात अमेरिकेत हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायका साधारणपणे जास्त शिकलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या, डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या आणि वजन सांभाळणाऱ्या होत्या. त्यांना स्मृतिभ्रंश कमी होता, तो गोळीमुळे की बाकीच्या आयुष्यामुळे? नुसत्या निरीक्षणातून हे सुटं करता येत नाही. त्याला एकच खात्रीचा उपाय. चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठीत येईल त्याप्रमाणे अर्ध्या बायकांना खरी गोळी, अर्ध्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळालं हे ना बाईला माहीत, ना डॉक्टरला.

अमेरिकन सरकारच्या पैशाने 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या नावाने अशी प्रचंड चाचणी १९९० च्या दशकात सुरू झाली. तिच्या दोन्ही हार्मोन गटांत मिळून २७,००० हून जास्त बायका होत्या. जुलै २००२ मध्ये दोन हार्मोनांच्या गोळीचा भाग मध्येच थांबवावा लागला, कारण स्तनाचा कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघात वाढलेले दिसले. आणि २८ मे २००३ च्या अंकात स्मृतिभ्रंशाचा निकाल आला. ६५ वर्षांवरच्या ४,५३२ बायकांपैकी ६१ जणींना स्मृतिभ्रंश झाला. त्यातल्या ४० हार्मोन घेणाऱ्या आणि २१ न घेणाऱ्या. जवळपास दुप्पट!

'दुप्पट' हा शब्द छातीत धडकी भरवतो, म्हणून तो उलगडून पाहू. वर्षाला दर १०,००० बायकांमागे स्मृतिभ्रंश २२ जणींना व्हायचा, तो ४५ जणींना झाला. साध्या हिशेबात, पासष्टी ओलांडलेल्या हजार बायकांनी पाच वर्षं ही गोळी घेतली, तर सुमारे अकरा-बारा जणींना जास्तीचा आजार. हा धोका लहान नाही, पण बातम्या वाचून वाटत होता तेवढा मोठाही नाही. गर्भाशय काढलेल्या आणि नुसतं इस्ट्रोजेन घेतलेल्या २,९४७ बायकांचा निकाल २००४ मध्ये आला. तिथेही आकडा वाढलेला होता, पण तो योगायोग नाही असं ठामपणे म्हणण्याइतका नाही.

परिणाम व्हायचा तो झाला. गोळीच्या पाकिटावर ठळक चौकटीत स्मृतिभ्रंशाचा इशारा आला. अमेरिकेत १९९९ मध्ये वर्षाला ९ कोटींच्या घरात असलेल्या हार्मोनच्या चिठ्ठ्या २००३ च्या जुलैपर्यंत ५.७ कोटींच्या वेगावर उतरल्या. आणि 'हार्मोन म्हणजे वाईट' हे वाक्य जगभरातल्या दवाखान्यांत पोचलं. आपल्याकडे ही गोळी घेणाऱ्या बायका मुळातच थोड्या होत्या. गोळी पोचण्याआधी भीती पोचली, असं म्हणायला हरकत नाही.

वयाचा मुद्दा

पण पुन्हा तोच प्रश्न. ही चाचणी कोणत्या बायकांवर झाली? स्मृतिभ्रंशाच्या भागातल्या सगळ्या जणी ६५ ते ७९ वयाच्या होत्या. म्हणजे पाळी जाऊन पंधरा-वीस वर्षं झालेल्या. प्रत्यक्षात गोळी मागायला येणारी बाई पन्नाशीच्या आतबाहेरची असते. म्हातारपणी अचानक इस्ट्रोजेन सुरू करणं आणि पाळी जाताना लगेच सुरू करणं, हे एकच आहे का?

ते तपासायला नव्या चाचण्या झाल्या. पाळी जाऊन तीन वर्षांच्या आत असलेल्या ७२७ बायकांना चार वर्षं हार्मोन किंवा नुसती गोळी दिली. बुद्धीत ना फायदा दिसला ना तोटा. त्यांच्यातल्याच बायकांना सुमारे दहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०२४ मध्ये निकाल आला तोही तसाच. जुन्या मोठ्या चाचणीत पन्नाशीत सामील झालेल्या १,३२६ बायकांचीही पुढे तपासणी झाली. तिथेही काही फरक नाही. म्हणजे 'लवकर घेतली तर मेंदू वाचतो' ही आशा सिद्ध झाली नाही आणि 'घेतली की मेंदू बिघडतो' ही भीतीही नाही.

मग २०२३ मध्ये डेन्मार्कच्या सरकारी नोंदींवरून पुन्हा बातमी आली की हार्मोन घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश २४ टक्के जास्त. इथे आमराईचं उदाहरण उलटं फिरवून बघा. हल्ली गोळी कोण घेतं? ज्यांना वाफांचा आणि झोपमोडीचा खूप त्रास आहे त्या. झोपेचा बिघाड आणि स्मृतिभ्रंश यांचाच काही संबंध असला तर? दोष गोळीचा की गोळी घ्यायला लावणाऱ्या त्रासाचा, हे नोंदवहीतून कळत नाही.

शेवटी १० नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांच्याबद्दलचा तो चौकटीतला इशारा काढून टाकायचं जाहीर केलं. एक वर्तुळ पूर्ण झालं. पण इशारा गेला म्हणजे गोळी मेंदूचं औषध झाली, असा अर्थ काढू नका. केवळ स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी हार्मोन घ्या, असं कोणतीही जबाबदार वैद्यकीय संघटना आजही सांगत नाही.

आणि आपल्या बायका?

इथपर्यंतच्या गोष्टीत अमेरिका आणि युरोपातल्या, बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या बायका आहेत. आता आपल्याकडे वळू.

दिवाळी उलटली की माधवनगरच्या रस्त्याने ऊस भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या कारखान्याकडे जायला लागतात. तो ऊस तोडायला बीड, धाराशिव आणि आपल्याच जत-आटपाडीकडच्या दुष्काळी पट्ट्यातून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस खाडा पडला की दंड. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर आणि मुक्काम उसाच्या पाल्याच्या कोपीत. अशात अंगावरून पांढरं जाणं, पोटात दुखणं सुरू झालं की गावाकडच्या दवाखान्यात सल्ला मिळतो, 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.'

जून २०१९ मध्ये विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढले गेले. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक. त्यातल्या अनेकी चाळिशीच्याही आतल्या. आणि हा प्रश्न एकट्या बीडचा नाही. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या अशाच शस्त्रक्रियांविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला आणि अनावश्यक गर्भाशय काढणं रोखायची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांना तीन महिन्यांत लागू करायला सांगितली.

याचा मेंदूशी काय संबंध? शेरविन यांचा प्रयोग आठवा. गर्भाशय ही गर्भ वाढायची जागा, पण इस्ट्रोजेन बनतं ते अंडाशयांत. बोलताना आपण दोन्हींना मिळून 'पिशवी' म्हणतो. शस्त्रक्रियेत नुसतं गर्भाशय काढलं तर अंडाशय काम करत राहतात, फक्त ते काही वर्षं आधी थांबण्याची शक्यता वाढते. पण दोन्ही अंडाशयही काढले, तर पस्तिशीतल्या बाईचं शरीर एका दिवसात पन्नाशीच्या पुढे जातं.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या वॉल्टर रोका यांच्या गटाने २००७ मध्ये अशा बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते १९८७ या काळात पाळी जाण्याआधीच एक किंवा दोन्ही अंडाशय काढलेल्या १,४८९ बायका आणि शेजारच्याच, शस्त्रक्रिया न झालेल्या १,४७२ बायका. पहिल्या गटात बुद्धी मंदावण्याचा किंवा स्मृतिभ्रंशाचा धोका ४६ टक्के जास्त होता. शस्त्रक्रिया जितकी लवकर, तितका धोका मोठा. आणि दोन्ही अंडाशय काढल्यावर ज्यांना निदान पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन मिळालं, त्यांच्यात हा वाढीव धोका दिसला नाही.

हाही निरीक्षणाचाच अभ्यास आहे. आमराईची शंका इथेही घेता येते आणि घ्यायलाच हवी. पण या वयातल्या बायकांसाठी चिठ्ठ्या टाकून केलेली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेली चाचणी झालेलीच नाही. तरीही हाडं आणि हृदय यांच्या काळजीपोटी पाळीच्या संस्थांचा सल्ला आज स्पष्ट आहे. चाळिशीच्या आत पाळी गेली किंवा घालवली, तर दुसरी काही अडचण नसल्यास साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यावं. ही चैन नाही, जे वेळेआधी काढून घेतलं त्याची ती भरपाई आहे.

म्हणजे बघा कशी उलटापालट झाली. पासष्टीच्या अमेरिकन बायकांवरून आलेली भीती पस्तिशीच्या ऊसतोड बाईला लागू झाली. आणि ज्या गोळीची तिला खरोखर गरज असू शकते, ती तिला कुणी सुचवलीच नाही. आपल्या सरकारी पाहण्याही इथे अपुऱ्या पडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बाईला गर्भाशय काढलंय का हे विचारते. अंडाशय ठेवले की काढले, हे विचारत नाही. जे विचारलंच नाही त्याचं उत्तर कुठून मिळणार?

म्हणून तुमच्या घरात, शेजारी, कामाला येणाऱ्या ताईंमध्ये कुणाची 'पिशवी काढलेली' असेल, तर शस्त्रक्रियेचा कागद शोधायला सांगा. त्यावर तीन गोष्टी बघायच्या. शस्त्रक्रियेच्या वेळी वय किती होतं, अंडाशय एक काढला की दोन्ही, आणि त्यानंतर हार्मोनबद्दल कुणी काही बोललं होतं का. कागद नसेल तर सोनोग्राफीत अंडाशय आहेत का ते बहुधा कळतं. मग तो कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाला भेटा, आपल्याला तर मिरज हाकेच्या अंतरावर आहे. गोळी घ्यायची की नाही हे त्यांनी तपासून ठरवायचं. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचे आजार असे काही असतील तर ती चालत नाही. मनाने दुकानातून आणायचं हे औषध नव्हे.

आणि पिशवी काढायचा सल्ला अजून नुसता मिळालेला असेल, तर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारायला सांगा. 'डॉक्टर, अंडाशय ठेवणार ना? नसाल ठेवणार, तर का?' आज पस्तिशीत असलेली ऊसतोड बाई २०५० मध्ये साठीत असेल. तिची बुद्धी तेव्हा नाठी होईल की नाही, हे थोडंफार या प्रश्नाच्या उत्तरावरही अवलंबून असेल.